मार्कांच्या जागी लॅप टाईम

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा सोळा वर्षांचा, असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने हा कार रेसिंगचा गेम खेळतो, त्यातल्या इटलीच्या मोन्झा ट्रॅकवर जीटी३ वर्गाच्या रेसिंग गाडीत त्याचा बेस्ट लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, १ मिनिट ४८.३ सेकंदांचा, आणि तुम्ही त्याला रोज चार तास प्रॅक्टिसला बसवता, प्रत्येक टाईम वहीत लिहून ठेवता, रेस हरला की जेवताना परत तोच विषय. गेम खेळतो म्हणून ओरडणाऱ्या आईबापांची पत्रं माझ्याकडे ढिगाने येतात, खेळत नाही म्हणून ओरडणाऱ्या बापाचं हे पहिलंच. पण खरं सांगू का, ओरडणं तेच आहे हो. आणि सेकंदाचे तीन-तीन आकडे लिहिलेल्या पत्रात पोराला स्वतःला काय व्हायचंय हे एकदाही आलेलं नाही, मला टेन्शन त्याचं आलंय.

रेसर करायचा तर पुढची पायरी कोणती, असं विचारलंय. गेममधून थेट ट्रॅकवर जाणारा जिना आजही उभा आहे असं तुम्हाला वाटतंय ते जीटी अकॅडमीमुळे, म्हणजे गेम खेळणाऱ्यांतून खरे रेसर निवडणाऱ्या स्पर्धेमुळे. ग्रॅन टुरिस्मो हा रेसिंग गेम आणि निसान कंपनी यांनी ती २००८ला सुरू केली, पहिला विजेता लुकास ऑर्डोनेझ २०११ला ल मान्सच्या २४ तासांच्या रेसमध्ये एलएमपी२ या गाड्यांच्या गटात दुसरा आला, त्याच वर्षी यान मार्डनबरो अकॅडमी जिंकला, सगळं खरं आहे. पण ती स्पर्धा २०१६ नंतर बंद पडली, आणि त्या पोरांना खऱ्या गाडीत बसवायचा खर्च निसानने उचलला होता हे कोणी सांगत नाही. सीट, टायर, टीम यांचे पैसे कोणीतरी भरल्याशिवाय लॅप कितीही फास्ट असला तरी गाडी हलत नाही. शिवाय जोरात ब्रेक मारल्यावर मानेवर येणारा ताण, कॉकपिटमधली उष्णता, आपटायची भीती, हे गाडीचे धक्के हाताला जाणवून देणाऱ्या कुठल्याच फोर्स फीडबॅक व्हीलमध्ये, म्हणजे गेमच्या स्टिअरिंगमध्ये, येत नाही. फॉर्म्युला वनचा मॅक्स वर्स्टापेनसुद्धा सिम, म्हणजे असे रेसिंग गेम, खेळतो म्हणाल, पण तो लहानपणापासून कार्टिंग करून आलाय.

आता तुमची तक्रार. "रेस सोडून मोटेकचे ग्राफ बघत बसतो, टायर प्रेशर जरासं बदलतो आणि परत तोच लॅप मारतो, सगळा वेळ वाया." मोटेक म्हणजे गाडीचा वेग, ब्रेक, टायर यांचा डेटा दाखवणारं सॉफ्टवेअर. अहो, हेच तर रेस इंजिनिअरचं काम आहे! एका वेळी एकच गोष्ट बदलायची, फरक मोजायचा, मग पुढची, हे पोरगं कोणी न शिकवता करतंय आणि तुम्ही त्याला त्यावरून उठवून परत स्टिअरिंगवर बसवताय. त्याला हेच करायचं असेल तर मेकॅनिकल किंवा कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, नेहमीच्या प्रवेश परीक्षा, गणित आणि फिजिक्स पक्कं, आणि जमलं तर फॉर्म्युला स्टुडंट या कॉलेजांच्या रेसिंग स्पर्धेची टीम असलेलं कॉलेज, कारण तिथे मुलं स्वतः गाडी बनवून स्पर्धेत उतरवतात. एवढं पुरे.

ती वही आधी बंद करा. मग एखाद्या दिवशी निवांत त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, मोन्झाला डावीकडचे टायर जास्त का तापतात रे? अर्धा तास बोलेल बघा. मधेच लॅप टाईम विचारू नका. आणि पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या.