जात सोबत आली, दाखला नाही आला

प्रश्न : ताई नमस्कार, मी जळगावची. आमच्या गल्लीत एक बाई भाड्याने राहते, पाकिस्तानातून आलेली, सिंधमधल्या मेघवाळ या दलित समाजाची, नवरा इथे आल्यावर वारला. पापड लाटून विकते, आम्ही सगळ्या घेतो पण. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवू म्हटलं तर सासूबाई गप्प, शेजारणी म्हणे राहू दे ना माय. विधवा म्हणून की जातीमुळे, कळेना. आणि ती तर हिंदू आहे, नागरिकत्व मिळेलच ना, मग एवढी धास्तावलेली का असते?
– एक वाचक

उत्तर : ताई, दोन्हीमुळे, आणि ते दोन वेगळं करता येत नाही. सवाष्ण असती तर दुसरं कारण सापडलं असतं.

नागरिकत्वाचं म्हणाल तर 2019 च्या कायद्यात धर्म बघतात, पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन चालतात, मुसलमान नाही, आणि तेही 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेले. म्हणजे हिंदू असून तारीख चुकली की रांग वेगळी, आणि तिकडून जीव मुठीत धरून आलेल्या अहमदिया पंथाच्या मुसलमान बाईला तर या कायद्यात दारच नाही. तुमची शेजारीण कोणत्या साली आली ते आधी विचारा.

आता जात. एससीच्या दाखल्याला आपल्याकडे 10 ऑगस्ट 1950 च्या आधीच्या रहिवासाचा पुरावा मागतात, तो सिंधमधून आलेली बाई कुठून आणणार? म्हणजे गल्लीत शिवाशिव आहेच पण त्यावरची स्कॉलरशिप, सवलत तिच्या पोरांना नाही. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते. हे आजचं पण नाही. फाळणीच्या वेळी पाकिस्तान सरकारने सफाईचं काम करणाऱ्या दलितांना अत्यावश्यक सेवा म्हणून निघूच दिलं नाही, बाबासाहेबांनी डिसेंबर 1947 मध्ये नेहरूंना त्यावर पत्र लिहिलं होतं. कोण पळू शकतं तेसुद्धा जातीवर ठरलं.

आणि बाई म्हणून? मी अशाच एका बाईची कागदांची पिशवी बघितलीय, केळीच्या वेफर्सची रिकामी प्लास्टिकची पिशवी, रबर लावलेली, आत नवऱ्याचा पासपोर्ट सगळ्यात वर, स्वतःचा व्हिसा तळाला, आणि प्रत्येक फॉर्मवर तिची ओळख कुणाची तरी बायको. नवरा गेला की कागद अडकतात, धास्ती तिथून येते. लांब कशाला, आपल्या नंदुरबारच्या नर्मदाकाठी बघा ना, सरदार सरोवर धरणाच्या 1979 च्या लवाद-निवाड्यात विस्थापितांच्या सज्ञान मुलाला वेगळं कुटुंब धरून 2 हेक्टर जमीन, सज्ञान मुलीला काही नाही. त्या तर परदेशातून आलेल्या पण नव्हत्या.

तर तुम्ही तिला बोलवाच, सासूबाई रुसल्या तरी. नाही आली तर तिळगूळ घेऊन तिच्या घरी जाऊन बसा, चहा प्या, तिच्याच कपात. आणि कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, फक्त पहिल्या वेळेला तिला एकटी पाठवू नका, सोबत जा आणि ती पिशवी तिच्याच हातात राहू द्या.