ओसाकात एक दिवस, शाकाहारी ज्येष्ठ आणि टूरवाल्याचं ‘व्हेज कन्फर्म’

मुलं आठ आणि पाच वर्षांची, सासू-सासरे पक्के शाकाहारी, ओसाकात एकच दिवस आणि टूरवाला म्हणतोय ‘व्हेज लंचचं आमच्यावर सोडा’. तुमची पोस्ट इथवर वाचली आणि राहवेना. नका सोडू. व्हिसा, येन, सिम वगैरे तुम्ही बघालच, त्यात शिरत नाही.

आमच्या टूरवाल्याचं (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको) हेच वाक्य होतं. ‘सर, व्हेज कन्फर्म आहे’ म्हणत हातात कूपन दिलं, दोतोंबोरी या खाण्यापिण्याच्या गजबजलेल्या भागातल्या ओकोनोमियाकीच्या दुकानाचं, वेळ साडेबाराची. कोबी घातलेलं जाडजूड धिरडं, टेबलातच बसवलेल्या तव्यावर. मांस नव्हतं, ते खरं. पण वर तपकिरी पापुद्रे भुरभुरले आणि वाफेनं ते वळवळायला लागले. माझे बाबा खुर्ची मागे सरकवून म्हणाले, ‘अरे, हे जिवंत आहे का?’ कात्सुओबुशी. मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कडक करतात आणि मग किसतात. ते वरून काढूनही भागत नाही, कारण पिठात दाशी असते, म्हणजे बहुतेक वेळा याच माशाचं पाणी. मिसो सूप, उदोन नूडल्सचा रस्सा, टेम्पुराबरोबरची (म्हणजे जपानी भजीबरोबरची) चटणी, सगळीकडे तीच.

दुकानदाराला मी अजिबात दोष देत नाही. त्यानं फोनवर भाषांतर करून दाखवलं, आतून पिठाचं पाकीट आणून त्यावर बोट ठेवलं, मान हलवली आणि कूपन परत केलं. त्याला कुणी काही कळवलंच नव्हतं!

कूपनच्या मागे ‘24 तास मदत’ म्हणून नंबर छापलेला. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे तिथले साडेबारा वाजले तेव्हा इथे सकाळचे नऊ. टूरवाले साहेब उगवले ऑफिस उघडल्यावर. तोवर तिथे दोन वाजून गेलेले आणि बरीचशी हॉटेलं दुपारची ऑर्डर बंद करून संध्याकाळी पाचपर्यंत दारं लावून बसलेली. वर उत्तर काय, तर ‘सर, फिश फक्त फ्लेवरला असतं, थोडं अ‍ॅडजस्ट करायचं.’ माझ्या आईला सांग म्हटलं हे! परत आल्यावर पैसे मागितले, तर ‘व्हेंडरशी बोलून कळवतो’. अजून बोलताहेत बहुतेक.

तेव्हा टूरवाल्याकडून हॉटेलचं नाव, पत्ता आणि ‘माशाची दाशीही नको’ हे हॉटेलनं मान्य केल्याचं लेखी घ्या. नुसत्या ‘व्हेज’वर जाऊ नका. तेच वाक्य जपानीत छापून जवळ ठेवा. टाळाटाळ झाली तर जेवण पॅकेजमधून काढून टाका, सरळ.

माझं मत विचाराल तर (सगळ्यांना पटेल असं नाही) एक जेवण भारतीय हॉटेलात ठरवून टाका. ओसाकात ती भरपूर आहेत, बरीच नेपाळी लोक चालवतात. ‘जपानला जाऊन नानच खायचा का’ म्हणणाऱ्यांबरोबर सहसा सत्तरीतली माणसं नसतात. कोको इचिबान्या या करी-भाताच्या हॉटेलसाखळीच्या काही शाखांत प्राणिज पदार्थ न घातलेली करी मिळते, पण सगळ्या शाखांत नाही आणि स्वयंपाकघर एकच असतं, त्यामुळे कडक पाळणाऱ्यांनी विचार करावा. मुलं मांस-मासे खाणारी असतील तर उमेदा किंवा नाम्बा भागातल्या डिपार्टमेंट स्टोअरच्या वरच्या मजल्यांवर जा. तिथे सहा जणांना एकत्र बसायला मिळतं आणि दारातल्या काचेत पदार्थांचे प्लास्टिकचे नमुने असतात, बोट दाखवलं की झालं. गल्लीतल्या छोट्या दुकानांत काउंटरला आठ-दहा खुर्च्या, तिथे कुटुंबाचा निभाव लागत नाही.

आम्ही शेवटी कॉन्बिनीतून (तिथलं कोपऱ्याकोपऱ्यावरचं छोटं दुकान) साधा भात आणि केळी घेतली, भातावर बरोबर नेलेलं मेतकूट. मात्र ताजी फळं-भाज्या आणि मांसाचे पदार्थ नेऊ नका, विमानतळावर अडवतात.

फिरण्याचं थोडक्यात. ओसाका किल्ल्याचा मुख्य मनोरा 1931 साली काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलाय, लिफ्ट आहे, पण स्टेशनपासून चाल बरीच आहे, म्हणून तो सकाळीच उरका. दुपारी काइयुकान मत्स्यालय, व्हेल शार्क बघून मुलं हलत नाहीत. दोतोंबोरीत एबिसुबाशी पुलावरून ग्लिको कंपनीच्या जाहिरातीच्या फलकावरचा धावणारा माणूस बघा, फोटो काढा आणि निघा. संध्याकाळच्या त्या गर्दीत ज्येष्ठांना उभं करू नका.

धाकट्याला मेट्रोचं तिकीट लागणार नाही. थोरल्यासाठी मुलांचं इकोका कार्ड (प्रवासाचं प्रीपेड कार्ड) काढा, भाडं अर्धं पडतं, पण वय दाखवायला त्याचा पासपोर्ट खिडकीवर न्यावा लागतो. आणि सरकत्या जिन्यावर तिथले लोक उजवीकडे उभे राहतात, टोकियोच्या उलट.

आमच्या प्रवासाला काही वर्षं झाली, वेळा-दर बदलले असतील, एकदा तपासून घ्या. टूरवाल्याचं उत्तर काय येतं ते मात्र इथे लिहा.