पेशीवरील शर्करा आणि प्रतिकारसंस्थेचा लगाम

कर्करोगाच्या पेशी स्वतःवरील शर्करेच्या आडून प्रतिकारसंस्थेला चकवतात हे खरे आहे का, आणि तसे असेल तर आहारातील साखर बंद करून उपयोग होईल का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. या शर्करा पेशी स्वतःच घडवते; त्यासाठी लागणारे ग्लुकोज आपण साखर खाल्ली नाही तरी यकृत रक्तात पुरवत राहते.

पहिला प्रश्न मात्र सविस्तर उत्तराचा आहे. प्रत्येक पेशीच्या बाह्य पटलावरील प्रथिनांना आणि मेदांना शर्करांच्या लहानमोठ्या साखळ्या जोडलेल्या असतात. ए, बी, ओ हे रक्तगटही अशाच साखळ्यांवरून ठरतात. पुष्कळ साखळ्यांच्या टोकाला सायलिक आम्ल नावाची नऊ कार्बन अणूंची शर्करा असते आणि प्रतिकारसंस्थेच्या पेशींवरील ‘सिग्लेक’ नावाचे ग्राही (संदेश ओळखणारी प्रथिने) नेमके हेच टोक ओळखतात. टोक ग्राहीला जुळले की ग्राहीच्या आतल्या बाजूच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसतो, त्या खुणेपाशी एसएचपी-१ आणि एसएचपी-२ ही विकरे (एन्झाइम) येतात, आणि पेशीला चेतवणाऱ्या संदेशसाखळीतील फॉस्फेट काढून टाकून ती हल्ल्याला लगाम घालतात. निरोगी पेशींवर हल्ला होऊ नये म्हणून असलेली ही सोय अनेक कर्करोग सायलिक आम्लाचा थर वाढवून आपल्या पथ्यावर पाडून घेतात.

ज्या शोधासाठी तासुकु होन्जो यांना जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासह २०१८चे नोबेल मिळाले, तो पीडी-१ ग्राहीही याच धर्तीवर काम करतो. फरक असा की पीडी-१ मुख्यतः टी पेशी या प्रतिकारसंस्थेच्या पांढऱ्या पेशींवर असतो, तर सिग्लेक-७ आणि सिग्लेक-९ प्रामुख्याने नैसर्गिक मारक पेशी व भक्षक पेशींवर आढळतात. म्हणून पीडी-१ रोखणारे औषध दिल्यावरही दुसरा लगाम तसाच राहू शकतो, आणि ते औषध अनेक रुग्णांना लागू पडत नाही यामागील एक कारण येथे असावे, असे मला वाटते.

हा थर काढायचा कसा? सायलिक आम्ल छाटणारे सिआलिडेज हे विकर मोकळेच रक्तात सोडणे धोक्याचे आहे, कारण ज्यांचे सायलिक आम्ल गेले आहे अशा रक्तबिंबिका (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट) यकृत उचलून नष्ट करते. यावर कॅरोलिन बर्टोझी यांच्या गटाने २०१६ मध्ये मांडलेला उपाय मला फार नेटका वाटतो. (सजीव पेशींवरील शर्करा पाहण्यासाठी त्यांनी विकसित केलेल्या रसायनशास्त्राला २०२२चे नोबेल मिळाले, तेही रसायनशास्त्राचे.) त्यांनी हे विकर ट्रॅस्टुझुमॅब या प्रतिपिंडाला (ठरावीक लक्ष्याला चिकटणाऱ्या प्रथिनाला) जोडले. प्रतिपिंड स्तनाच्या कर्करोगपेशींवरील एचईआर-२ प्रथिनाला चिकटते, विकर आसपासचे सायलिक आम्ल छाटते, आणि प्रयोगशाळेत अशा पेशी नैसर्गिक मारक पेशींच्या हल्ल्याला अधिक सहज बळी पडल्या. पुढे उंदरांतही उत्साहवर्धक परिणाम दिसले. मात्र उंदरांचे सिग्लेक आणि माणसांचे सिग्लेक बरेच वेगळे आहेत, त्यामुळे त्या निष्कर्षांवरून रुग्णाला आशा लावणे मला पटत नाही. या तत्त्वावरील औषधे मानवी चाचण्यांच्या सुरुवातीच्या टप्प्यात पोहोचली आहेत. नेहमीच्या उपचारात त्यांना अद्याप स्थान नाही.

शर्करेलाच लक्ष्य करणारे एक औषध मात्र वापरात आहे. लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगाच्या पेशींवर जीडी-२ हे शर्करायुक्त मेद मुबलक असते, आणि त्याला चिकटणाऱ्या डिन्युटुक्सिमॅब या प्रतिपिंडाला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. येथे लगाम काढण्याचा प्रश्न नसून शर्करा ही केवळ ओळखीची खूण आहे. अडचण अशी की जीडी-२ वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंवरही असते; त्यामुळे औषध देताना तीव्र वेदना होतात आणि सोबत मॉर्फिनसारखी वेदनाशामके द्यावी लागतात.