माझ्याकडे टेस्ट पास, तिकडे फेल! असं का?

प्रश्न: एका ओपन सोर्स प्रोजेक्टला पहिल्यांदाच पुल रिक्वेस्ट (माझा कोडमधला बदल तुमच्यात घ्या, अशी विनंती) पाठवली. माझ्या विंडोजवर सगळ्या टेस्ट पास होत्या, पण त्यांच्या सर्व्हरवर २ फेल दाखवतंय. लाज वाटतेय, रिक्वेस्ट बंद करून टाकू का?

उत्तर: अहो बंद कशाला करताय, हे सगळ्यांचंच होतं! आधी फेल झालेल्या टेस्टचा लॉग (टेस्ट चालताना छापलेली नोंद) शेवटापासून नाही तर पहिल्या एररपासून वाचा, कारण खालच्या बऱ्याच एरर त्या पहिल्यामुळेच आलेल्या असतात. मग तुमचा बदल बाजूला ठेवून मूळ मेन ब्रांचवर (प्रोजेक्टच्या मुख्य कोडवर) त्याच २ टेस्ट चालवून बघा, सर्व्हरवरही मेन लाल (म्हणजे टेस्ट फेल) दिसत असेल तर दोष तुमचा नाहीच, तसं रिक्वेस्टमध्ये लिहून मोकळे व्हा.

मेन हिरवी असेल तर मला पहिला संशय फाइलच्या नावांवर येतो. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा फरक सहसा पडत नाही, लिनक्सला पडतो, आणि हे सर्व्हर बहुतेक लिनक्सच असतात, त्यामुळे इंपोर्टमध्ये (दुसरी फाइल कोडमध्ये घेणाऱ्या ओळीत) एक अक्षर कॅपिटल-स्मॉल चुकलं तरी तुमच्याकडे मस्त चालतं आणि तिकडे आपटतं. टाइमझोन, लायब्ररीचं व्हर्जन हेही बघा.

आणि हो, बग फिक्स केला असेल तर त्याची टेस्ट टाकलीत ना? फिक्स काढल्यावर ती फेल व्हायला हवी, नाहीतर ती टेस्ट काही तपासतच नाहीये. दुरुस्ती रिक्वेस्ट ज्या ब्रांचवरून पाठवलीत त्याच ब्रांचवर पुश करा (म्हणजे पाठवा), रिक्वेस्ट आपोआप अपडेट होते.