‘माझं पात्र केऑटिक न्यूट्रल आहे’ म्हणून सोबत्यांनाच लुटणारा चोर

भाऊ, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्र रंगवायच्या खेळात तुमच्या गटातला चोर सोबत्यांच्याच थैल्या मारतो अन् विचारलं की ‘मी केऑटिक न्यूट्रल’ (कायद्याची पर्वा नसलेला, ना भला ना वाईट) म्हणतो. याला अलाइनमेंटनं, म्हणजे पात्र कायदा अन् भलाई किती मानतं याच्या ठप्प्यानं, उत्तर देऊ नका. सोबत्याच्या सामानाला हात लावायचा की नाही, हे खेळाडूंनी आपसात ठरवायचं असतं. ज्याचं सामान आहे तो खेळाडू हो म्हणाला तरच चोरी, एवढा नियम पुढच्या बैठकीआधी करून टाका.

मग चोराच्या खेळाडूकडून तीन ओळी लिहून घ्या: पात्र कोणासाठी नुकसान सोसेल, कोणता शब्द मोडणार नाही, कायदा केव्हा तोडेल. लॉफुल (कायदा पाळणारं), न्यूट्रल (मधलं), केऑटिक (कायदा न जुमानणारं) या तीन अन् गुड (भलं), न्यूट्रल, ईव्हिल (दुष्ट) या तीन, यांच्या जोड्यांतून अलाइनमेंटची नऊ घरं होतात. त्यातलं घर या ओळींवरून ठरवा. आधी घर निवडलं की पात्र त्याच्या आड लपतं.

ओळी खऱ्या आहेत का, हे कायदा अन् भलाई एकमेकांच्या आड आल्यावरच कळतं. समजा, गावात व्यापारी क्विंटलमागे दोन किलो काटा मारतोय. कास्तकाराची कापसाची गाडी उभी आहे, हरभऱ्याच्या बियाण्याला पैसा आजच पाहिजे. लॉफुल गुड पात्र बाजार समितीत तक्रार नेईल, पण निकालाला दोन दिवस लागतील. केऑटिक गुड रातोरात काटा फोडेल. न्यूट्रल गुड गाडी दुसऱ्या काट्यावर वळवेल, भाडं स्वतः भरेल. आणि कर्जाच्या कागदावर अंगठा घेऊन, एकही कायदा न मोडता वावर गिळणारा सावकार हा लॉफुल ईव्हिल. असा खलनायक गटाला सगळ्यात जड जातो, कारण त्याच्यावर तलवार उपसली की गुन्हेगार तुम्हीच ठरता. दोन दिवसांची अट मात्र काढू नका. ती काढली की सगळेच तक्रार करून मोकळे होतात.

‘तुझी अलाइनमेंट हे करू देत नाही’ असं गेममास्टरनं (खेळ चालवणाऱ्यानं) कधीच म्हणू नये. ‘तो असं का करतो?’ एवढंच विचारावं. बैठक संपली की प्रत्येक पात्राचं एक ठळक कृत्य वहीत टिपा. सलग तीन नोंदी एकाच दिशेला गेल्या तर खेळाडूशी बोलून घर बदला, दंड नको. १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’ या खेळाच्या नियमपुस्तकात अलाइनमेंट बदलली की पात्राची एक लेव्हल (कमावलेली पातळी) जायची, त्यामुळे खेळाडू पात्राला बदलूच देत नसत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तो दंड नाही. तिथला ‘डिटेक्ट ईव्हिल अँड गुड’ मंत्रही माणसाची नियत सांगत नाही. फीन्ड (सैतानी), अनडेड (मेलेले पण हिंडणारे), सेलेस्टियल (स्वर्गीय) असे जीव जवळ आहेत का, हे सांगतो. सावकारावर तो टाकून काहीच कळणार नाही, कागदच तपासावे लागतील.