पाळी थांबल्यावर डोळे का खुपतात?

प्रश्न : माझे वय ५२ असून दोन वर्षांपूर्वी पाळी थांबली. तेव्हापासून डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, आणि तरीही पंख्याखाली बसले की डोळ्यांतून घळाघळा पाणी येते. मोतीबिंदू नाही, असे तपासणीत आढळले. हॉर्मोनच्या गोळ्या घेतल्यास हा त्रास थांबेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : पाणी येणारा डोळा कोरडा कसा, ही शंका साहजिक आहे. अश्रूंच्या थरावर तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. तो विरळ झाला की अश्रू लवकर उडून जातात, बुबुळाचा पृष्ठभाग उघडा पडून चुरचुरतो आणि त्यावरची प्रतिक्रिया म्हणून अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. हे पाणी गालावर ओघळते. डोळ्यावर टिकत नाही.

हे तेल पापण्यांच्या कडेतील मायबोमियन ग्रंथींतून येते. वरच्या पापणीत अशा साधारण २५ ते ४०, तर खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी असतात. त्यांना चालना देतात ती अँड्रोजेन, म्हणजे ज्यांना आपण ‘पुरुषी’ म्हणून मोकळे होतो ती हॉर्मोन. ती स्त्रियांच्या शरीरातही असतात आणि वयानुसार घटत जातात. इस्ट्रोजेन, म्हणजे पाळी थांबल्यावर घटणारे ‘स्त्री’ हॉर्मोन, मात्र या ग्रंथींचे तेल कमी करते, असे प्रयोगांत दिसते. त्यामुळे ‘इस्ट्रोजेन घटले, ते भरून काढा’ हा सरळ हिशेब डोळ्यांना लागू पडत नाही. अमेरिकेत पाळी थांबलेल्या २५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत (२००१) केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्यांमध्ये कोरडेपणाची शक्यता ६९ टक्क्यांनी, तर सोबत प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे हॉर्मोन) घेणाऱ्यांमध्ये २९ टक्क्यांनी अधिक आढळली. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. पण केवळ डोळ्यांसाठी या गोळ्या सुरू करू नयेत, एवढे नक्की. इतर कारणासाठी त्या चालू असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बंदही करू नयेत.

नेत्रतज्ज्ञांकडून अश्रूंचा थर किती सेकंद टिकतो ते तपासून घ्यावे. दहा सेकंदांच्या आत तो फुटत असेल, तर तो अस्थिर समजतात. मिटलेल्या पापण्यांवर सोसवेल इतका गरम ओला कपडा पाच ते दहा मिनिटे ठेवून मग कडा हलकेच चोळाव्यात आणि पंख्याचा झोत चेहऱ्यावर घेऊ नये. कृत्रिम अश्रूंचे थेंब वारंवार लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले निवडावेत. लाली घालवणारे थेंब मात्र दुकानातून परस्पर आणू नयेत. तोंडही कोरडे पडत असेल किंवा सांधे दुखत असतील, तर स्जोग्रेन या आजाराची (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू व लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करते) तपासणी करून घ्यावी. तो प्रामुख्याने स्त्रियांनाच होतो.