जोतिबाच्या क्लिपबद्दल आणि हात बसवण्याबद्दल

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

जोतिबाच्या यात्रेची क्लिप मिळाली. सोबत तू विचारलंयस की, व्हिडिओतला सगळा कंप सॉफ्टवेअर काढतंय, तर कॅमेरा स्थिर धरायला हात बसवण्यात वर्षं कशाला घालवायची? प्रश्न रास्त आहे. मीही ते सॉफ्टवेअर वापरतो आणि ते उत्तम काम करतं, हे आधीच सांगतो.

आता तुझीच क्लिप पुन्हा बघ. सासनकाठी डोलत पुढं येते, गुलाल उधळला जातो आणि नेमका काठीचा शेंडा वर कापला जातो. शूट करताना तो तुझ्या फ्रेममध्ये होता, हे मला ठाऊक आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम थोडी सरकवतं, थोडी फिरवतं. सरकवल्यावर कडेला काळी जागा पडते. ती झाकायची तर चित्र मोठं करून कडा कापाव्याच लागतात. हात जितका हलला, तितकी कड जास्त गेली. म्हणून स्टॅबिलाइझ करायचं, म्हणजे सॉफ्टवेअरनं कंप काढायचं, ठरलेलंच असेल, तर चौकट सैल ठेव, म्हणजे कडेला जागा सोड, आणि फोर-के मध्ये शूट कर. ३८४० पिक्सेल रुंदीतले १० टक्के गेले तरी ३४५६ उरतात. फुल एचडीला १९२० पुरतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि तिला पुढं कसलाच इलाज नाही. सेकंदाला २५ फ्रेम घेताना आपण शटर १/५० ठेवतो, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड पडतो. त्या १/५० सेकंदात हाताला हिसका बसला, तर ती फ्रेम पुसट होते. सॉफ्टवेअर ती फ्रेम जागेवर आणून ठेवतं, पण पुसटपणा तसाच राहतो. मग रात्रीच्या मिरवणुकीत महाद्वार रोडवरचं चित्र हलत तर नाही, पण क्षणात धारदार, क्षणात मऊ असं होत राहतं. बघणाऱ्याला वाटतं फोकस गेला. शटर १/१०० केलंस तर हे कमी होतं, आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळं दिव्यांचं फ्लिकरही सहसा येत नाही. पण रात्री तेवढा उजेड कुठून आणणार? तिथं शेवटी हातच लागतो.

खासबागेत कुस्ती शूट करायला गेलास की तिसरी अडचण कळेल. चित्रातल्या ठळक खुणा फ्रेममागून फ्रेम कुठं सरकल्या, यावरून सॉफ्टवेअर कॅमेऱ्याच्या हालचालीचा अंदाज बांधतं. दोन पैलवान भिडले आणि त्यांच्या अंगांनीच फ्रेम भरली, तर बहुतेक खुणा त्यांच्याच अंगावर सापडतात. मग पैलवान जागच्या जागी आणि मागचं मैदान डोलतंय, असा विचित्र प्रकार होतो. जायरोचा, म्हणजे कॅमेरा किती वळला हे मोजणाऱ्या सेन्सरचा, डेटा वापरणारी सॉफ्टवेअर या फसवणुकीतून सुटतात, कारण ती चित्राकडं न बघता कॅमेरा किती फिरला ते बघतात. मात्र तू चालताना कॅमेरा जो वर-खाली होतो, तो जायरोला नीट कळत नाही. जवळची माणसं उड्या मारतच राहतात. (जायरो वापरणार असशील, तर कॅमेऱ्यातलं स्वतःचं स्टॅबिलायझेशन बंद ठेव. दोघांचा हिशेब जुळत नाही.)

पण तुला खरं सांगायचंय ते कुस्तीच्या बाबतीतच. पट काढायच्या, म्हणजे समोरच्याचा पाय धरून पाडायच्या, आधी पैलवानाचा खांदा किंचित खाली जातो, पाय बदलतो. ज्याला कुस्ती कळते तो कॅमेरामन तेवढ्यावरून ओळखतो, थोडा मागं येतो आणि पडणाऱ्या अंगाला फ्रेममध्ये जागा करून ठेवतो. डाव लागल्यावर हललास, तर उशीर झाला. त्यानंतर घरी येऊन कंप कितीही काढ, चितपट झालेली पाठ फ्रेममध्ये आलीच नव्हती, ती सॉफ्टवेअर कुठून आणणार?

गुगलमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक पद्धत मांडली, ती यूट्यूबवर वापरलीही गेली. त्यांनी कॅमेऱ्याचा वेडावाकडा मार्ग तीन प्रकारच्या तुकड्यांत बसवला: एक पूर्ण स्थिर, दुसरा एकाच वेगानं सरकणारा आणि तिसरा या दोहोंना जोडणारा, वेग हळूहळू वाढवत किंवा कमी करत नेणारा. हे तीन त्यांनी घेतले कुठून? मुरलेले कॅमेरामन ट्रायपॉडवर, डॉलीवर (चाकांच्या गाड्यावर), पॅनमध्ये (कॅमेरा आडवा वळवताना) जे करतात त्यावरून. मला याचा फार आनंद वाटतो. ज्या कसबाला तू वेळेचा अपव्यय म्हणतोस, त्याचीच नक्कल करायला एवढं गणित लागलं. आणि तरी त्या गणिताला हे कळत नाही, की पॅन करता करता तू त्या म्हाताऱ्या भाविकाच्या चेहऱ्यावर मुद्दाम थांबलास. तुझा थांबा त्याला धक्क्यासारखा वाटला, तर तो गुळगुळीत करून ते गणित चेहऱ्यावरून पुढं निघून जातं.

आपल्या कोल्हापुरात मूकपटांच्या काळातल्या बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, ते साल होतं १९१८. त्या काळी जगभर कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवत, साधारण सेकंदाला दोन फेरे, १६ फ्रेम. हाताची लय चुकली की पडद्यावरची माणसं पळायला लागत. यंत्र साधं होतं, पण चालवणाऱ्याचं अंग त्यात पूर्ण गुंतलेलं असायचं. तसं अंग तुझंही गुंतावं, असं मला वाटतं.

तेव्हा आता एवढं कर. कोपर बरगडीला टेकव, पट्टा मानेला ताणून धर, गुडघे सैल ठेव. शॉट सुरू झाल्यावर आणि संपण्याआधी दहा सेकंद काहीही न करता उभा राहा. रंकाळ्याच्या काठानं टाच आधी टेकवत चालायचा सराव कर, गिंबल (कॅमेरा आपोआप स्थिर धरणारा मोटरचा दांडा) न घेता. गिंबल जरूर विकत घे, पण नंतर. गुलालात आणि गर्दीत ते बऱ्याचदा पिशवीतच राहतं.

आणि फुटबॉलचा हंगाम आला की शाहू स्टेडियमवर कॅमेरा न घेता जा. संघ पाटाकडील असो की दिलबहार, सामना बघताना चेंडू बघू नकोस, पुढचा पास कुणाला जाणार ते मनात सांगत राहा. सुरुवातीला बरंच चुकेल. दोन-तीन सामने झाले की ये, मग आपण दोघं खासबागेत शूटला जाऊ.

तुझा,
काका